गोफणीचा एक सेकंद

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून निघताना त्या गुरुवारी मी आमच्या मोबाइल गेमच्या नव्या अपडेटखाली एक ओळ टाकली : ‘किरकोळ सुधारणा आणि बग दुरुस्ती.’ लिहायला दहा सेकंदही लागले नाहीत. नंतरचा दीड महिना मी त्या ओळीचा हिशेब देत होते. तो काळ लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. गेम कसा बनवतात यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. तो सुरू झाल्यावर बनवणारे आणि खेळणारे एकमेकांशी कसे बोलतात, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

मी कळव्याची. बी.ए. झाल्यावर ऐरोलीला एका कॉल सेंटरमध्ये तीन वर्षं होते. तिथे एकच गोष्ट अंगात मुरली, ती म्हणजे फोन लवकर संपवायचा. समोरच्याचं काम झालं की नाही, यापेक्षा किती मिनिटांत फोन ठेवला यावर महिन्याचा शेरा ठरायचा. गेमशी संबंध आला तो धाकट्या भावामुळे. लॉकडाऊनमध्ये आमच्या आणि आजूबाजूच्या चाळींतली साठ-सत्तर मुलं पब्जी मोबाइलवर आपापसात सामने लावायची. वेळापत्रक करणं, रूमचा पासवर्ड वेळेवर देणं, स्क्रीनशॉट बघून गुण मांडणं, भांडणं मिटवणं ही कामं हळूहळू माझ्याकडे आली. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात तो गेम होता. ३० ऑक्टोबरला सर्व्हरही बंद झाले. गेम गेला, पण आमचा व्हॉट्सॲप ग्रुप गेला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये एका मुलाच्या वडिलांना ऑक्सिजनचा बेड हवा होता, तेव्हा रात्री दोन वाजता हाच ग्रुप हलला. कोणी कळव्याच्या हॉस्पिटलबाहेर उभं राहिलं, कोणी नवी मुंबईत फोन फिरवले. एकमेकांची तोंडं ज्यांनी धड पाहिली नव्हती, ती ही मुलं.

त्याच ग्रुपमधल्या एकाने २०२३ च्या अखेरीस मला सरांकडे पाठवलं. सर आधी एका मोठ्या कंपनीत गेम बनवायचे. नोकरी सोडून त्यांनी वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्याच्या वरची खोली घेतली होती. खाली दिवसभर लेथ चालायचं आणि वर पाच माणसं : सर, कोड लिहिणारे दोघं, चित्रं काढणारी एक मुलगी आणि मी. माझ्या हुद्द्याचं नाव ‘कम्युनिटी मॅनेजर’. त्या नावाचा अर्थ विचारला तेव्हा सर म्हणाले, “तू त्यांच्याकडून आमच्याशी भांडायचं आणि आमच्याकडून त्यांच्याशी बोलायचं.”

गेम असा : चार-चार जणांचे दोन संघ, एक गड, तीन बुरूज. जो संघ बुरुजांवर आपलं निशाण जास्त वेळ ठेवील, तो जिंकला. आठ गडी होते. भालाईत, ढालकरी, तिरंदाज, सुरुंग लावणारा, असे. त्यातला एक गोफणवाला. तो खाली उभा राहून दगड भिरकावायचा.

पहिलं काम आलं ते चाचणीचं. प्ले स्टोअरवर गेम टाकायला सरांनी स्वतःच्या नावाचं वैयक्तिक खातं उघडलं होतं. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या अशा खात्यांना गूगलने नियम लावला होता की गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान २० जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहिलं पाहिजे. (वर्षभराने हा आकडा १२ वर आला, पण आमच्या वेळी २० होता.) वीस माणसं गोळा करणं सोपं वाटतं. चौदा दिवस टिकणारी वीस माणसं मिळवायला मला महिना लागला. भावाचे मित्र, माझी मावसबहीण, ऑफिसात चहा आणणारा मुलगा, कोपरीतले दोन रिक्षावाले दादा, ऐरोलीच्या जुन्या नोकरीतल्या तिघी. नियम म्हणून सुरू झालेली ती यादी आमची खरी शाळा ठरली.

सरांनी मला एकच सूचना दिली होती : “शेजारी बस, पण तोंड उघडू नकोस.” तलावपाळीच्या कट्ट्यावर संध्याकाळी एकेकाला बोलवायचं, गेम हातात द्यायचा आणि गप्प बघायचं. चहावाला मुलगा दर सामन्यात हरत होता. विचारलं की म्हणायचा, “मस्त आहे ताई.” तिसऱ्या दिवशी मी त्याच्या बोटांकडे पाहिलं. त्याच्या फोनची काच खालच्या उजव्या कोपऱ्यात फुटलेली होती आणि आमचं हल्ल्याचं बटण नेमकं तिथेच होतं. तो अंगठा वाकवून कडेने दाबत होता. मला सांगायला त्याला लाज वाटली असावी. दुसऱ्याच आठवड्यात सगळी बटणं हवी तिथे सरकवता येतील अशी सोय झाली. ती सोय आज जितके लोक वापरतात ते पाहून वाटतं, शहरात फुटक्या काचेचे फोन किती असतील.

खुला झाल्यावर गेम हळूहळू चालायला लागला. रोज खेळणारे हजाराच्या आत-बाहेर. माझं काम तीन जागी चालायचं : डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर, व्हॉट्सॲपच्या दोन ग्रुपांवर आणि प्ले स्टोअरच्या रिव्ह्यूंखाली. तिथलं उत्तर ३५० अक्षरांतच बसवावं लागतं. काना, मात्रा, अनुस्वार सगळं मोजलं जातं, त्यामुळे मराठीत दोन-तीन वाक्यांतच जागा संपते. सुरुवातीला मी कॉल सेंटरची सवय वापरली. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, आमची टीम लक्ष घालत आहे.’ सगळ्यांना तेच. मग कल्याणच्या एका मुलाने खाली लिहिलं, “ताई, हे तुम्ही माझ्या मित्राला पण लिहिलंय. त्याचा प्रॉब्लेम वेगळा होता.” ते वाचून मला कानकोंडं झालं. तयार उत्तरांची फाइल मी त्या दिवशी काढून टाकली.

त्याऐवजी एक वही केली. डावीकडे खेळाडूचे शब्द जसेच्या तसे. मध्ये, प्रत्यक्षात काय घडलं. उजवीकडे, पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा. या वहीने मला शिकवलेला सगळ्यात मोठा शब्द म्हणजे ‘लॅग’, खेळ अडखळणं किंवा मागे पडणं.

शंभरातल्या निम्म्या तक्रारी ‘लॅग होतोय’ एवढ्याच असायच्या. आमचा सर्व्हर मुंबईतच होता, ठाण्यातून पिंग, म्हणजे फोनवरून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, २५-३० मिलिसेकंदांच्या आसपास यायचा, म्हणून कोडवाल्यांचं म्हणणं, “सर्व्हर नीट आहे, त्याचं नेट खराब असेल.” मी एकेकाला फोन करून विचारायला लागले तेव्हा त्या एका शब्दाखाली पाच दुखणी निघाली. काहींचं नेट खरंच मंद होतं. काहींचा फोन वीस मिनिटांत तापायचा. फोन तापला की त्यातली चिपच स्वतःला वाचवायला वेग कमी करते, चित्र अडखळतं, नेटचा काही संबंध नसतो. काहींना सामना लागायलाच वेळ लागत होता, त्यालाही ते लॅगच म्हणत. भालाईताचा भाला उगारण्याचं चित्र लांबलं होतं, म्हणून बटण दाबल्यावर काहीच होत नाहीसं वाटायचं; तो चौथा लॅग. पाचवा मला ठाणे-वाशी लोकलमध्ये सापडला. घणसोलीला ऑफिसच्या वायफायवर सामना सुरू करून मुलं स्टेशनकडे निघायची. फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला की त्याचा पत्ता बदलतो, सर्व्हरशी जुळलेली तार तुटते. आमच्याकडे परत यायला ३० सेकंदच मिळायचे. तेवढ्यात तो आला नाही तर पळपुटा ठरून त्याचे गुण जायचे. “तुम्ही मला फसवलं,” असं एकाने लिहिलं होतं. त्याच्या जागी मी असते तर तसंच लिहिलं असतं. मुदत ९० सेकंदांची झाली आणि जुनी तार तुटली तरी खेळाडू ओळखता येईल अशी व्यवस्था झाली.

खेळाडू दुखतंय म्हणतो तिथे दुखतच असतं, हे माझं ठाम मत या वहीतून बनलं. उपाय मात्र तो सांगेल तोच असेल असं नाही. सर्व्हर बदला असं सगळे सांगत होते आणि सर्व्हरला काहीच झालं नव्हतं.

हे एवढं कळूनही गोफणीच्या वेळी आम्ही चुकलो.

आकडे सांगत होते की निम्म्याहून जास्त सामन्यांत लोक गोफणवालाच घेतात. बाकीचे सात गडी पडून. कोणी एक गडी सगळ्यांनाच हवासा झाला की तो जास्त ताकदवान झालाय, असं गेम बनवणारे सहसा धरून चालतात आणि त्याची ताकद थोडी कमी करतात. खेळणारे याला ‘नर्फ’ म्हणतात. गोफणीला दुसरा दगड भरायला २.५ सेकंद लागायचे, ते आम्ही ३.५ केले. हा आकडा सर्व्हरवरच असतो, बदलायला प्ले स्टोअरचं नवं अपडेट लागत नाही. त्याच दिवशी दुसरं एक छोटं अपडेट जाणार होतं. मी विचारलं, “सर, गोफणीचं लिहू का?” ते म्हणाले, “लिहिलंस की बोंबलतील. खेळताना एवढ्या एका सेकंदाने कुणाला कळत नाही.” मी लिहिलं नाही. ही चूक मी सरांवर ढकलत नाही. लिहिणारा हात माझाच होता.

रात्री साडेनऊला मी ठाणे स्टेशनवर कळव्यासाठी उभी होते तेव्हा पहिला मेसेज आला : “गोफण जड वाटतेय का कोणाला?” मग दुसरा, तिसरा. घरी पोचून जेवायला बसले तोवर ग्रुपवर कोणीतरी “नेट चेक कर” म्हणून त्याला गप्प केलं होतं. मला हायसं वाटलं, हेही खरंच आहे.

अकरा वाजता व्हिडिओ आला. पाठवणारा घणसोलीचा, महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करणारा. तिशीचा असेल. त्याने फोनचा पडदा दोनदा रेकॉर्ड केला होता, एकदा मागच्या आठवड्यात कशासाठी तरी आणि एकदा त्याच रात्री. दोन्ही सेकंदाला ६० चित्रांचे. दोन दगडांमधली चित्रं त्याने एकेक करून मोजली होती. आधी १५०, आता २१०. खाली एकच वाक्य : “नेट नाही, सेकंद वाढवलाय. आणि सांगितलं नाही.”

सकाळपर्यंत एक-स्टार रिव्ह्यूंची रांग लागली. २०१९ पासून प्ले स्टोअरचं रेटिंग ताज्या अभिप्रायांना जास्त वजन देतं. त्यामुळे वर्षभर जमवलेलं दोन दिवसांत घसरताना दिसलं. मला सगळ्यात लागलं ते रेटिंग नव्हे. लोक आता प्रत्येक जुन्या गोष्टीवर शंका घेत होते. भालाही बदलला असेल, गुणही गुपचूप कापत असतील, ताई आपल्याला गोड बोलून गुंगवते. शेवटचं वाक्य मी तीन-चार वेळा वाचलं.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात सरांशी माझं आयुष्यातलं पहिलं मोठं भांडण झालं. खाली लेथ सुरू होतं, त्यामुळे दोघंही मोठ्याने बोलत होतो. सरांचं म्हणणं, सोमवारपर्यंत गप्प राहू. त्यांनी ‘नो मॅन्स स्काय’चं उदाहरण दिलं. ऑगस्ट २०१६ मध्ये तो गेम आला, सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या, लोक प्रचंड चिडले. हॅलो गेम्स ही त्याची छोटीशी कंपनी गप्प झाली आणि कामाला लागली. नोव्हेंबरमध्ये पहिलं मोठं मोफत अपडेट, मग एकामागून एक, आणि २०१८ च्या जुलैमध्ये आलेल्या ‘नेक्स्ट’ने लोकांचं मत फिरवलं. “तोंडाने नाही, कामाने उत्तर दिलं त्यांनी,” सर म्हणाले.

हे उदाहरण खोटं नव्हतं, म्हणून मला उत्तर द्यायला वेळ लागला. मग मी म्हणाले, “सर, त्यांच्याकडे बांधायला काहीतरी होतं. लोकांचं म्हणणं होतं की कमी दिलंत, तर त्यांनी जास्त दिलं. आपल्याबद्दल लोक म्हणतायत, लपवलंत. लपवल्याला काम करून कसं उत्तर देणार? आणि त्यांचे खेळाडू गेमचे पैसे मोजून बसले होते. आपला गेम फुकट आहे. आपला माणूस सोमवारपर्यंत थांबणार नाही, एक बटण दाबून काढून टाकेल.”

मग मी दुसरं उदाहरण दिलं, कारण बोलूनही वाट लागते हे मला मान्य होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या गेममध्ये आवडती पात्रं मिळवायला फार तास खेळावं लागतं, अशी ओरड झाली. त्यावर तो गेम काढणाऱ्या ईए कंपनीने रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवर उत्तर दिलं की मेहनतीने मिळवल्याचा अभिमान वाटावा म्हणून तसं ठेवलंय. त्या उत्तराला साडेसहा लाखांहून जास्त लोकांनी नापसंती दिली. पात्रांच्या किमती ७५ टक्क्यांनी उतरवाव्या लागल्या आणि गेम बाजारात येता येता त्यातली पैशाची खरेदीही थांबवावी लागली. “म्हणजे?” सरांनी विचारलं. मी म्हणाले, “म्हणजे गप्प बसायचं नाही आणि सजवूनही बोलायचं नाही.”

सर बराच वेळ खिडकीत उभे राहिले. मग म्हणाले, “लिही. पण मला दाखवल्याशिवाय टाकू नकोस.”

पहिला मसुदा मी लिहिला त्यात ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ आणि ‘समतोल साधण्याच्या दृष्टीने’ असं होतं. बँकेच्या बंद दारावर चिकटवलेला कागद वाटत होता तो. दुसऱ्यात मी इतकी माफी मागितली की काय बदललं तेच हरवलं. दुपारी चित्रं काढणारी मुलगी माझ्या मागे येऊन वाचत होती. ती म्हणाली, “अगं, तुझ्या भावाला सांगतेस तसं लिही ना.” शेवटी गेलेला मजकूर हा :

‘गोफणीला दुसरा दगड भरायला आधी २.५ सेकंद लागायचे. गुरुवारी रात्री आम्ही ते ३.५ केले. हे आम्ही सांगितलं नाही. लोक चिडतील म्हणून सांगितलं नाही. ते चूक होतं. बदल अशासाठी केला की निम्म्याहून जास्त सामन्यांत गोफणवालाच घेतला जातो, त्यामुळे तो जास्त ताकदवान झालाय असं आम्हाला वाटलं. आता ४ वाजता आकडा परत २.५ केला आहे. मोजून बघा. भाला, गुण, बाकी काहीही बदललेलं नाही. गोफणीचं पुढे काय करायचं ते तुमच्याशी बोलून ठरवू. रविवारी ११ वाजता ऑफिसात या, ज्यांना जमत नाही त्यांनी संध्याकाळी डिस्कॉर्डवर.’

‘मोजून बघा’ हे दोन शब्द सरांनी घातले.

रविवारी मी पंचवीस जणांचे वडापाव सांगितले होते. अकरा जण आले. घणसोलीचा दादा रात्रपाळी करून थेट ट्रान्स-हार्बर लोकलने आला होता, डोळे लाल. एक मुलगा डोंबिवलीहून आईला घेऊन आला, कारण गेमवाल्यांच्या ऑफिसात एकट्याला सोडायला ती तयार नव्हती. त्या माउली पूर्ण वेळ कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. चाचणीतले दोघं रिक्षावाले दादाही आले.

पहिला अर्धा तास राग. आम्ही ऐकून घेतलं. मग सरांनी लॅपटॉप फिरवून आकडे सगळ्यांसमोर ठेवले, जे आम्ही कधीच बाहेर दाखवत नसू. गोफणवाला किती सामन्यांत घेतला जातो, तो बघा. घणसोलीचा दादा पुढे वाकला आणि विचारलं, “हे सगळ्या खेळाडूंचं मिळून आहे ना? वरच्या रँकवाल्यांचं वेगळं काढता येईल?” कोड लिहिणाऱ्याने दहा मिनिटांत काढलं. वरच्या रँकला गोफणवाला क्वचितच घेतला जात होता. घेतला तरी जिंकण्याचं प्रमाण इतर गड्यांइतकंच. जास्त घेणारे सगळे नवे होते, पहिल्या आठवड्यातले.

“मग नवे लोक त्यालाच का घेतात?” सर म्हणाले. खोलीत कोणी बोलेना. तेव्हा त्यातल्या वयस्कर रिक्षावाल्या दादांनी हात वर केला, वर्गात करतात तसा. “सर, मी सांगू? मला ती शिडी चढता येत नाही.”

त्यांनी खेळून दाखवलं. बुरुजावर चढायचं तर शिडीच्या नेमक्या मध्यावर उभं राहून बोट वर ओढायचं. जरा तिरकं गेलं की गडी शिडीला वळसा घालून भिंतीवर आदळायचा. आम्हाला सवय होती, आम्हाला ते दिसायचंच नाही. ते तीनदा आदळले, चौथ्यांदा खाली पडून मेले. “खाली उभं राहून मारता येतं असा हा एकच गडी आहे. बाकीच्यांना वर जावंच लागतं. म्हणून मी गोफणवाला घेतो. मला काय गोफणीचं प्रेम नाही.”

मी वही उघडली. ‘शिडी’ हा शब्द डावीकडच्या रकान्यात मागच्या चार महिन्यांत कितीतरी वेळा होता. ‘शिडीवर लॅग.’ ‘चढताना लॅग.’ मी ते सगळं लॅगच्या पाच कप्प्यांत वाटून टाकलं होतं. सहावा कप्पा मला सुचला नव्हता. चार महिने लोक आम्हाला हेच सांगत होते. त्यावर आम्ही त्यांचा एकमेव सोपा गडी एका सेकंदाने जड केला होता, तोही न सांगता.

शिडी दुरुस्त करायला तीन आठवडे लागले. हे काम गोफणीच्या आकड्यासारखं सर्व्हरवरून होत नव्हतं, त्यासाठी नवं अपडेट हवं होतं. यावेळी आधी चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरवर टाकलं आणि पाच दिवस कोणालाही येऊन चढून बघू दिलं. रिक्षावाल्या दादांना मी मुद्दाम बोलावलं. पहिल्या रूपात गडी शिडीला इतका चिकटायचा की शेजारून पळतानाही ओढला जायचा. ते घणसोलीच्या दादाने पकडलं. मग प्ले स्टोअरवर आधी १० टक्के लोकांना, दोन दिवसांनी ५० टक्क्यांना, मग सगळ्यांना. प्रत्येक टप्प्यावर काय दिसलं ते मी लिहीत गेले. जे होणार नाही तेही कारणासकट लिहिलं. दोघांनी मिळून एक गडी चालवायची मागणी जोरात होती. ‘हे आम्ही करणार नाही, पाच माणसांत जमणार नाही,’ असं लिहिताना हात थांबला होता. खाली पहिलं उत्तर आलं, “ठीक आहे, निदान कळलं.”

त्या उत्साहात आम्ही मतदानही घेऊन पाहिलं. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ हा गेम २०१३ पासून नव्या गोष्टींवर खेळाडूंचं मत घेतो. तिथे बदल मंजूर व्हायला आधी ७५ टक्के मतं लागायची, २०२२ मध्ये ती अट ७० वर आणली. सरांना ही पद्धत फार आवडायची. आम्ही विचारलं, अर्ध्यात सामना सोडणाऱ्याचे गुण कापणं बंद करायचं का? मोठ्या बहुमताने ‘हो’ आलं. पण तसं केलं असतं तर हरायला लागलेला प्रत्येक जण निघून गेला असता आणि उरलेल्या तिघांचा सामना नासला असता. आम्हाला ते फिरवावं लागलं आणि त्यावर पुन्हा एक लांब स्पष्टीकरण. नंतर नीट वाचल्यावर कळलं की रुनस्केपवालेही सगळंच मताला टाकत नाहीत, खेळाचा पाया राखणाऱ्या दुरुस्त्या ते स्वतःच्या अधिकारात करतात. आता आम्ही नवा गड कोणता हवा, नवा गडी आधी की नवा पोशाख आधी, असंच विचारतो. आणखी एक गोष्ट दिसली : मत देणारे तेच ते होते, डिस्कॉर्डवर रोज असणारे. रिक्षावाल्या दादांनी मत दिलं नव्हतं, त्यांच्याकडे डिस्कॉर्डच नाही. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी अजूनही तलावपाळीला जाते. ज्यांनी कधीच काही लिहिलं नाही अशा दोघा-तिघांना बोलावते आणि गप्प बसून बघते.

या कामाची एक बाजू सांगायला जड जाते. मेसेज पाठवणारे सगळेच कल्याणच्या त्या मुलासारखे नसतात. मी बाई आहे हे कळल्यावर काही जण जे लिहितात, ते मी वहीत उतरवत नाही. गोफणीच्या आठवड्यात तसले मेसेज रात्री तीनलाही आले. मी कोणाला सांगितलं नव्हतं. भावाने फोन पाहिला आणि तोच सरांशी बोलला. सरांनी दोन गोष्टी त्याच दिवशी केल्या. उत्तरं देण्याच्या पाळ्या लावल्या, सरांसकट पाचही जणांच्या. आणि रात्री दहानंतर कोणी उत्तर देणार नाही असं जाहीर केलं. शिव्या देणाऱ्याला एक ताकीद, दुसऱ्यांदा बाहेर. मला भीती होती की लोक चिडतील. चिडले नाहीत. दहानंतर कोणी वेडंवाकडं लिहिलं की आता ग्रुपमधलेच म्हणतात, “ताई झोपलीय, उद्या बोल.” कोड लिहिणाऱ्या दोघांना आठवड्यातून एक दिवस खेळाडूंची उत्तरं द्यावी लागतात, याचा फायदा वेगळाच झाला. “त्याचं नेट खराब असेल” हे वाक्य ऑफिसात ऐकू येईनासं झालं.

शिडीचं अपडेट सगळ्यांपर्यंत पोचलं त्या रात्री मी उशिरापर्यंत रिव्ह्यू वाचत बसले. गोफणीच्या रात्री ज्यांनी एक स्टार दिला होता, त्यातले बरेच परत आले नव्हते. ते गेले ते गेलेच. घणसोलीच्या दादाचा एक स्टार आता तीन झाला होता. रविवारी आला तेव्हा मला वाटलं होतं तो पाच करील. खाली त्याने लिहिलं होतं : “शिडी जमली. उजव्या बुरुजाची अजून थोडी अडते, डाव्या हाताने खेळणाऱ्यांना. गोफण २.५ आहे, मोजली.”

मी वही उघडून डावीकडे लिहिलं : उजवा बुरूज, डावा हात. मग घड्याळात पाहिलं, दहा वाजून गेले होते. उत्तर सकाळी दिलं.